आखाजीपर्यंत चारशे बारा स्पॉट

१ फेब्रुवारी १९९८, रविवार. सकाळी ७

नवी वही. सुरुवात शिस्तीत. आजवर स्वतःच्या हातांनी, कोणाच्याही शिकवणीशिवाय केलेल्या वस्तू:

गायत्रीचा पाळणा (१९७६), लूमच्या जुन्या पाइपांचा. कुरकुरायचा, पण पोरगी त्या आवाजावरच झोपायची. घरघंटी, पाव हॉर्सपॉवरची. ज्वारी बारीक येते, गहू जरा जाडसर. देव्हारा, आत झिरोचा बल्ब. इस्त्री, दोन वेळा. कूलर: हवा उत्तम, आवाजाची तक्रार फक्त शेजाऱ्यांची. पाण्याच्या टाकीचं स्टँड. ते झुकलंय असं शेजारी म्हणतात. माझ्या लेव्हल बाटलीप्रमाणे त्यांचं घर झुकलंय. मिलमध्ये कापड रंगवायच्या जेट मशीनच्या झाकणाचा खटका, ज्यावर पुढे मुंबईच्या इंजिनियरने सही केली.

शिक्षण आठवी. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये मेन्टेनन्स फिटर, एकोणीस वर्षं. आयटीआय केलेली पोरं अडली की मला बोलवायला येतात. हे लिहून ठेवलेलं बरं.

पुढची वस्तू: फियाट, मॉडेल १९६६. नानपुऱ्याच्या एका पारशी डॉक्टरीणबाईंकडून डिसेंबरात घेतली. इंजिन मी खोललं, मी भरलं, पहिल्या सेल्फला चालू. ब्रेक पास. लाइट पास. फक्त फ्लोअर नाही. म्हणजे आहे, पण मॅट उचलली की आमच्या डिंडोलीचा रस्ता दिसतो. दोन पुरांचं पाणी गाडीत शिरलं होतं हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. मी ते मनावर घेतलं नाही.

मुदत: २९ एप्रिल, अक्षय्यतृतीया, म्हणजे आपली आखाजी, लेकींनी माहेरी यायचा सण. गायत्रीची लग्नानंतरची पहिली. तिला भाऊ नाही, म्हणून दिवाळीला नंदुरबारला मुऱ्हाळी तिचा मामा वाल्मिक गेला. तेव्हा व्याही सुकदेव आप्पा म्हणाले म्हणे, मामा चांगलाच आहे, पण बापानेही कधी लेकीला न्यायला यावं. मग तिला पोचवायला मी स्वतः गेलो आणि त्यांच्या ओट्यावर तीस माणसांत सांगून आलो: आखाजीला मुऱ्हाळी मी, आणि तेही स्वतःच्या गाडीने. पोर दारात उभी होती. इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला.

तेव्हा गाडी नव्हती. तो तपशील आहे.

उरले दिवस ८७. भरपूर.

३ फेब्रुवारी, मंगळवार

उधन्याचा गॅरेजवाला लखन येऊन गेला. गाडीखाली शिरला, स्क्रू-ड्रायव्हरने फ्लोअर ठोकला. स्क्रू-ड्रायव्हर वर आला. म्हणाला, उखाभाऊ, गॅसने दोन दिवसांत पत्रा मारून देतो, वरून डांबर, कोणाच्या बापाला कळणार नाही. मी त्याला शांतपणे समजावलं. गॅसने पत्रा तापतो, तापला की वाकतो, वाकला की दार लागत नाही. कंपनीने स्पॉट वेल्डिंग केलंय: दोन पत्रे, वरून एक तांब्याचं टोक, खालून एक, मध्ये करंट, क्षणभरात पत्रा पत्र्यात विरघळतो. डाग पाच मिलिमीटरचा. मीही तेच करणार.

त्याने विचारलं, मशीन कुठंय? म्हटलं, तेच निवडायचंय. लखन हसला, चहा प्याला, गेला. ज्यांना माप कळत नाही त्यांना हसू लवकर येतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

जुन्या फ्लोअरवरचे कंपनीचे स्पॉट भिंग घेऊन मोजले. दोनशे साठपर्यंत आलो आणि बायकोने, भागीने विचारलं, वांगी आणू की गिलकी. पुन्हा पहिल्यापासून. एकूण चारशे बारा. जिथे पत्राच उरला नाही तिथे अडतीस मिलिमीटरच्या अंतराने हिशोब धरला. चारशे बारा म्हणजे चारशे बारा. चारशे दहा नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

निवडीची पद्धत ठरली. शंभर मार्क. करंट २५, मशीनच्या हातांची पोच २०, टाइमर १५, घरच्या लाइनवर चालणं १५, वजन १०, किंमत १०, दिसणं ५. निवड नीट झाली की काम संपल्यात जमा. मग उरतं ते फक्त करणं.

भागी म्हणाली, आधी पत्रा तरी आणा. सोपं आधी करायची घाई बायकांना असते.

१५ फेब्रुवारी, रविवार

कामरेज. लोखंडी कपाटं करणाऱ्या एका पटेलाचा कारखाना बंद होतोय, त्याचं स्पॉट वेल्डर विकाऊ. उभं मशीन, पायाने पॅडल दाबायचं, पंधरा केव्हीए. एकशे ऐंशी किलो. रंग हिरवा, मला आवडणारा. किंमत साडेसात हजार. पटेलाने दोन पट्ट्या चिकटवून दाखवल्या. छिन्नीने उचकटल्या, पत्रा फाटला पण स्पॉट सुटला नाही. अंगावर काटा आला.

मार्क ८१. पण एका भेटीत निर्णय घेणारा मी नव्हे.

२२ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा कामरेज, कॅलिपर घेऊन. हातांची पोच चौदा इंच. टोकाची झीज ०.४ मिमी. पटेल म्हणाला, काका, कपाटवालेसुद्धा एवढं बघत नाहीत. मी म्हटलं, म्हणूनच कपाटांची दारं ढिली असतात.

१ मार्च, रविवार

तिसऱ्यांदा कामरेज. आज पैसे देणारच होतो. पटेलाने पोचवण्याचं बोलणं काढलं, आणि सहज विचारलं की मशीनमध्ये काय घालणार. म्हटलं, गाडीचा फ्लोअर. त्याने मशीनची चौदा इंची पोच वितीने मोजली. मग म्हणाला, काका, कपाटाचा पत्रा मशीनकडे येतो. गाडी कशी येणार?

हा मुद्दा माझ्या ध्यानात पहिल्या दिवशीच आला होता. फक्त त्याला मार्क ठेवायचे राहिले होते. ४५ वजा केले. मार्क ३६. नापास.

रिक्षात बसलो तेव्हा पटेल दारात उभा राहून मशीनच्या पॅडलवर विनाकारण पाय मारत होता.

उरले ५९.

८ मार्च, रविवार

अहमदाबादच्या एका कंपनीला मागच्या महिन्यात इंग्रजीत पत्र टाकलं होतं, हातात धरायच्या वेल्डरबद्दल. एकूण नऊ प्रश्न. उत्तर आलं. दोनच प्रश्नांची उत्तरं. किंमत साडेएकतीस हजार अधिक टॅक्स, थ्री-फेज लाइन लागणार. पैशांचं मी मनावर घेत नाही. पण सातव्या प्रश्नाला उत्तर न देणाऱ्या कंपनीचं मशीन मी घरात येऊ देणार नाही.

म्हणजे निवड झाली. बाजारात माझ्या लायकीचं मशीन नाही. मीच करणार.

हे पहिल्या दिवशीच ठरलं असतं असं भागी म्हणते. चूक. पहिल्या दिवशी ठरलं असतं तर ती घाई झाली असती. आज ठरलं तो अभ्यास आहे.

१० मार्च, मंगळवार

मिलच्या भंगारातून जळलेल्या स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर, रीतसर गेटपास करून. मॅनेजर देसाईसाहेब सही करताना म्हणाले, उखाभाई, एनुं शुं करशो? याचं काय करणार ते सांगितलं. त्यांनी फक्त पेन बंद केलं.

घरी आल्यावर गायत्रीचं आंतरदेशीय पत्र. बापू, गाडीला रंग कोणता देताय? माझ्या मोठ्या नणंदेला मी निळा सांगितलाय, तर निळाच द्या. आखाजीला तिन्ही नणंदा माहेरी येणार, सासूबाई म्हणतात तुला न्यायला आले तर तू जाशील, नाही आले तर पुरणाच्या मांड्यांना हात तुझेच लागतील. मी म्हटलं, माझे बापू बोलले की बोलले. खालच्या ओळीत: खरंच येताय ना?

या खालच्या ओळीची गरज नव्हती.

रंग निळा. ठरलं. फ्लोअरनंतर.

१७ मार्च, मंगळवार

आतली जुनी वाइंडिंग काढून जाड तांब्याचे दोनच वेढे. मशीनला लांब हात दोन, चिमट्यासारखे, वीस इंच. खरं तर हात जितका लांब तितका करंट कमी, पण गाडीच्या पोटात शिरायचं तर लांबी हवी. सगळीकडे तडजोड करावी लागते. मी एकाच ठिकाणी केली.

२२ मार्च, रविवार. दुपारी ४.१०

वेळ लिहून ठेवतो आहे.

कोऱ्या पत्र्याच्या दोन पट्ट्या. चिमटा दाबला, बटण दाबलं. सबंध गल्लीच्या ट्यूबलाइट मिणमिणल्या. समोरच्या धुरपदाबाई ओरडल्या, कोना घरमा काय व्हयनं! आणि पत्रा पत्र्याला चिकटला. छिन्नी लावली. पत्रा फाटला, स्पॉट जिवंत. गोल, पाच मिलिमीटर, भोवती निळी कड.

भागीला बोलावलं. तिने स्पॉटवर बोट ठेवलं आणि म्हणाली, एवढंसं? म्हटलं, असे चारशे बारा. ती बोटांवर दिवस मोजायला लागली. बायको असावी तर अशी, लगेच नियोजनाला लागते.

उरले ३८. दिवसाला सत्तर स्पॉट म्हटले तरी सहा दिवस. म्हणजे महिना शिल्लक. त्यात निळा रंग.

२९ मार्च, रविवार

पत्रा आणला, वीस गेज. जुना फ्लोअर कापून काढला. आता गाडीत बसलं की पाय जमिनीवर. धुरपदाबाईंनी विचारलं, उखाभाऊ, ही चालवायची की चालायची? उत्तर दिलं नाही. वेळ नव्हता.

पुठ्ठ्याचे साचे केले. अकरा तुकडे. प्रत्येकाला नंबर.

५ एप्रिल, रविवार

तुकडे ठोकून तयार. प्रत्येक दुमड, प्रत्येक कडा, अर्धा मिलिमीटरच्या आत. आता रेड ऑक्साइड, गंज न चढू देणारा तांबडा रंग. हा मुद्दा कोणत्याच गॅरेजवाल्याला कळत नाही. आमच्या डाइंग हाउसमध्ये वाफ एवढी की उघडं लोखंड एका रात्रीत गंजतं, गंज टपकतो, आणि साडीवर डाग पडला की पूर्ण लॉट बाद. म्हणून मिलचा नियम: बोल्टसुद्धा बसवायचा तर आधी रेड ऑक्साइडचे दोन हात, मग फिटिंग. एकोणीस वर्षं माझ्या हातून एक डाग पडलेला नाही.

अकरा तुकड्यांना दोन्ही बाजूंनी दोन हात. गाडीच्या कडांनाही दोन हात. अंगणात ओळीने वाळत घातले. संध्याकाळच्या उन्हात ते असे दिसत होते की धुरपदाबाईही काही बोलल्या नाहीत.

१२ एप्रिल, रविवार

रंग खणखणीत वाळला. तुकडा नंबर एक बसवला, क्लॅम्प लावले. भागी गाडीखाली, पाठीवर, हातात बॅटरी, खालचं टोक नीट बसलंय का ते बघायला. चिमटा दाबला. बटण.

काही नाही.

पुन्हा. काही नाही. गल्लीतल्या ट्यूबलाइटही मिणमिणल्या नाहीत. खालून भागी म्हणाली, व्हयनं का? म्हटलं, होतंय. चाळीस वेळा दाबलं. ती चाळीस वेळा म्हणाली, व्हयनं का?

लाइनचा व्होल्टेज कमी आहे. दुसरं कारण असूच शकत नाही.

उरले १७.

१३ एप्रिल, सोमवार

व्होल्टेज दर तासाला नोंदवायला सुरुवात. सकाळी ६ ला २२८. ७ ला २२१. मी कामावर असताना भागीने नोंदवायचं. तिने ११ ला "बरा शे" असं लिहिलंय. असे आकडे चालत नाहीत.

१५ एप्रिल, बुधवार

व्होल्टेजचा तक्ता पूर्ण. व्होल्टेज ठीक निघाला. म्हणजे शेजारचा फ्रिज. त्यांना एक दिवस फ्रिज बंद ठेवायची विनंती केली. त्यांनी ठेवला. त्यांचं दूध नासलं. स्पॉट पडला नाही. म्हणजे फ्रिज नाही. हेही कळणं महत्त्वाचं.

१६ एप्रिल, गुरुवार

तांब्यावर संशय. दुकानदाराने भेसळ दिली. पण मग २२ मार्चला कसं पडलं? त्या दिवशी पट्ट्या छोट्या होत्या. की हवा? रात्रभर विचार. भागीही जागी. म्हणाली, वाल्मिक मोकळा आहे, पुढच्या शुक्रवारी पॅसेंजरने जाऊन पोरीला घेऊन येईल, गाडी मागून होईल सावकाश. मी म्हटलं, वाल्मिकने पाऊल उचललं तर मी या घरात जेवणार नाही.

ती म्हणाली, आपली आंडेर गायत्री वाट देखी ऱ्हायनी, आनि तुम्ही मशीनले मार्क दी ऱ्हायनात.

मार्क देणं ८ मार्चलाच संपलं. पण वाद घातला नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

भागी आज पुन्हा गाडीखाली. दहा मिनिटांनी तिथूनच म्हणाली, कल्हई लावायच्या आधी भांडं घासून पांढरं करतात ना? खरकट्यावर कल्हई धरते का? मग इथे तुम्ही दोन्हीकडून रंगाचे थर चढवलेत, ते तुमच्या करंटला कसे चालतात?

मी सांगितलं की कल्हई वेगळी आणि वीज वेगळी, आणि हे तिच्या आवाक्याबाहेरचं आहे. ती गाडीखालून निघाली, परकराची माती झटकली, आणि वरणाला फोडणी द्यायला गेली.

१८ एप्रिल, शनिवार. पहाटे ५

एक मूलभूत शोध लागला. रंग हा विजेचा वाहक नाही. दोन पत्र्यांमध्ये रेड ऑक्साइड असेल तर करंट पलीकडे जातच नाही. मल्टिमीटर लावून खात्री केली. पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नाही, किमान मी वाचलेल्या पुस्तकात. स्वतंत्र विचाराने लागलेला शोध.

भागीला सांगितलं. ती म्हणाली, बरं.

उरले ११. नुसता रंग खरवडायचा. चारशे बारा जागा, दोन पत्रे, वर आणि खाली दोन्हीकडून. सोळाशे अठ्ठेचाळीस. (गुणाकार दोनदा तपासला.)

२० एप्रिल, सोमवार

मिलमधून दहा दिवसांची रजा. खरवडणं चालू. हा रंग कोणी असा पक्का लावला म्हणून चिडलो, मग आठवलं. पाचशे दहा जागा झाल्या. भागीच्या हाताला फोड. माझ्याही.

२१ एप्रिल, मंगळवार

पोस्टकार्ड. बापू, सासूबाई म्हणतात रविवारच्या आत या. सोमवारी नणंदा येतील, मग मला घरातून सोडणार नाहीत, ओट्यावरचे लोक काय म्हणतील. मी पिशवी भरून ठेवलीय. निळी साडी वर ठेवलीय, गाडीला शोभेल अशी. आईला सांगा, आंबे आणून ठेवू नकोस, मी आल्यावर आपण दोघी जाऊ.

रविवार म्हणजे २६. भागीने कार्ड वाचलं, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं, आणि खरवडायला बसली. ती बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

२३ एप्रिल, गुरुवार

पहिला स्पॉट गाडीवर पडला. सकाळी ९.३५. ट्यूबलाइट मिणमिणल्या. धुरपदाबाईंनी नमस्कार केला, खरा की खोटा कळलं नाही. दिवसअखेर ३१. टोकं तापतात, प्रत्येक दोन स्पॉटनंतर थांबावं लागतं.

२४ एप्रिल, शुक्रवार

५६. एकूण ८७. हात बसतोय. लखन चक्कर मारून गेला. उकिडवा बसून एक स्पॉट बघितला, बोट फिरवलं. म्हणाला, काम कंपनीचं आहे भाऊ, खोटं बोलणार नाही. मग आजची तारीख विचारली. मी सांगितली. तो म्हणाला, ती मला माहीत आहे, तुम्हाला आहे का ते बघत होतो.

२५ एप्रिल, शनिवार. सायंकाळी ६

६३. एकूण १५०. उरले २६२. उद्या पहाटे चारला सुरू केलं, तासाला वीस धरले, तर संध्याकाळी पाचला फ्लोअर पूर्ण. निळा रंग राहील. राहू दे. सीट बसवायला अर्धा तास. सहाला निघालो की सोनगडला चहा, रात्री अकरापर्यंत नंदुरबार. आप्पांचं दार मध्यरात्री ठोठावलं तरी तो रविवारच असेल.

भागीने पिशवीत पोरीच्या सासूसाठी साडी-चोळी, आप्पांसाठी टोपी आणि डाळ्या-गुळाचा पुडा बांधून ठेवलाय. वाल्मिकही संध्याकाळी येऊन गेला. ओट्यावर बसला, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, दाजी, पहाटेच्या पॅसेंजरने मी जाऊ शकतो अजून. फक्त मान हलवा. मी वर छताकडे बघत हिशोब तपासत होतो. तो उठून गेला.

२६ एप्रिल, रविवार. सकाळी ११.२०

एकशे अठ्ठ्याऐंशीव्या स्पॉटला कॉइल जळली.

वास आधी आला. मग धूर. मग पूर्ण गल्लीचे दिवे गेले आणि सगळे आमच्या अंगणात. वीज कंपनीचा माणूस आला, मीटरकडे बघून म्हणाला, काका, घरमां फॅक्टरी छे? धुरपदाबाई म्हणाल्या, नाही रे बाबा, पोरगीले लेवाले जाई ऱ्हायनात. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

भागी गाडीखालून बाहेर आली. चेहऱ्यावर रेड ऑक्साइडची भुकटी. एकच प्रश्न: आता?

दुपारी २. वाइंडिंग पुन्हा करतो. जास्तीत जास्त एक दिवस. नणंदा सोमवारी येतात म्हणजे सोमवारी संध्याकाळीच येणार. सकाळी कोण येतं? सोमवार दुपारपर्यंत वेळ आहेच.

२७ एप्रिल, सोमवार

वाइंडिंग झाली. व्हार्निश ओलं. डब्यावर लिहिलंय, ४८ तास. मी डब्यावर विश्वास ठेवणारा नाही, पण हात लावला तर बोटाला चिकटलं.

२८ एप्रिल, मंगळवार

व्हार्निश अजून चिकटतंय. पंखा लावला. कूलर लावला. शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही. सगळे फार चांगलं वागताहेत.

संध्याकाळी भागीने ती बांधलेली पिशवी माझ्या पायाशी आणून ठेवली, वर उद्याच्या पॅसेंजरचं तिकीट. एका माणसाचं जायचं, दोन माणसांचं यायचं. ती स्वतः उधन्याला जाऊन काढून आली होती.

३० एप्रिल, गुरुवार

कालचं आज लिहितो.

पॅसेंजर दीड तास लेट. एक वाजता आप्पांच्या दारात. ओटा माणसांनी भरलेला. अंगणातल्या कडुलिंबाला झोका, त्यावर आप्पांच्या तिन्ही मुली आळीपाळीने, गाणी म्हणत. गायत्री मागच्या अंगणात चुलीपुढे, खापरावर मांडे टाकत होती, कोपरापर्यंत पीठ. कोणीतरी सांगितलं, तुझे बापू आले. ती धावत आली. माझ्याकडे बघायच्या आधी माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं.

विचारलं, बापू, गाडी कुठे लावली?

मी म्हटलं, व्हार्निश सुकायचं आहे.

ती हो म्हणाली. म्हणाली, आधी जेवून घ्या. मांडा पातळ होता, आरपार दिसावं इतका. एकही कड जाड नाही. तिला हे कोणी शिकवलं ते विचारायचं राहिलं.

जेवणानंतर आप्पा मला बाजूला घेऊन गेले. टोमणा नाही, काही नाही. म्हणाले, व्याही, झालं ते झालं. पोर आठ-दहा दिवसांपासून पिशवी भरून बसलीय, आमच्या घरात कोणाला ते बघवत नाही. बायकांना मी सांगतो. आमच्या पुतण्याची जीप उभी आहे, ड्रायव्हर आहे, आत्ता निघा, दिवेलागणीला डिंडोली. तिला चांगली आठ दिवस ठेवा. मी म्हटलं, मी फुकट काही घेत नाही. ते म्हणाले, मग डिझेल टाका. ड्रायव्हरने जाऊन-येऊन आकडा सांगितला. माझ्या खिशात तेवढे होते.

मी जीपभोवती एक चक्कर मारली. खाली वाकून पाहिलं. टायर बघितले, दारं उघडून लावून बघितली. खोट काढण्यासारखं काही सापडलं नाही.

आत गायत्रीला कोणीतरी सांगितलं असावं. हात धुतल्याचा आवाज आला, मग ट्रंकेचा. बाहेर आली तेव्हा निळ्या साडीत होती, हातात पिशवी. ओट्यावरची माणसं माझ्याकडे बघत होती. दिवाळीला होती तीच माणसं, बहुतेक.

मी आप्पांना सांगितलं, पोरीला दिवाळीला नेईन, स्वतःची गाडी घेऊन येतो.

परत येताना पोरीचं तिकीट खिशात तसंच राहिलं. भागीने दार उघडलं, माझ्या मागे बघितलं, आणि दार लावून घेतलं. अजून काही विचारलेलं नाही. विचारलं तर सगळं नीट सांगता यावं म्हणून इथे नोंद करून ठेवतो:

देऊ केलं ते: जीप, ड्रायव्हरसकट, नंदुरबारच्या दारापासून डिंडोलीच्या दारापर्यंत, पोरगी आठ दिवसांसाठी. फक्त डिझेल. तीनशे साठ रुपये. मी नाही म्हटलं.